सॉफ्टवेअरमध्ये काय काय आहे, ते लिहून द्या

शिरूर आणि दौंड तालुक्यांत आज सॉफ्टवेअरला वळसा घालून जाणारा पैशाचा व्यवहार शोधूनच काढावा लागेल. उसाची गाडी काट्यावर चढली की वजन संगणकात जाते आणि त्यावरूनच पुढे बिल निघते. डेअरीवर दुधाची फॅट काढली की आकडा उत्पादकाच्या नावावर चढतो. विकास सोसायटीचे पीककर्ज, पतसंस्थेतली ठेव, बाजार समितीतली आडत्याची पट्टी, रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगारांची हजेरी, हे सारे कुठल्या ना कुठल्या प्रोग्रामच्या हवाली झाले आहे. असा प्रोग्राम घेताना संचालक मंडळ किंमत विचारते, रिपोर्ट मराठीत निघतील का ते विचारते, आणि बंद पडला तर माणूस किती वेळात येईल हे तर नक्कीच विचारते. त्यात नेमके काय काय घातले आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. १०:२६:२६चे पोते घेणाऱ्या शेतकऱ्याला त्यात नत्र, स्फुरद, पालाश किती टक्के ते पोत्यावर वाचायला मिळते, कारण खत नियंत्रण आदेशानुसार ते छापावेच लागते. सॉफ्टवेअरवर लाखो रुपये खर्च करणाऱ्या संस्थेला तेवढीही माहिती मिळत नाही. ती मिळाली पाहिजे, खरेदीच्या करारातच मिळाली पाहिजे, आणि त्या यादीची निगा कोण राखणार त्याचे नावही त्याच करारात असले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

यादी कशाची, हे आधी सांगायला हवे. विकणारी कंपनी सगळा प्रोग्राम स्वतः लिहीत नाही. व्याजाची आकारणी, ऊसबिलाचा हिशोब, सभासदांची नोंदवही एवढा भाग तिचा. बाकी पीडीएफ बनवणे, डेटाबेसशी बोलणे, तारखांची आकडेमोड, संदेश पाठवणे यांसाठी ती जगभरच्या अनोळखी प्रोग्रामरांनी लिहिलेले आणि बहुतेक वेळा फुकट मिळणारे तयार तुकडे वापरते. या तुकड्यांना लायब्ररी म्हणतात, आणि आपला प्रोग्राम ज्यांच्याशिवाय चालत नाही त्या लायब्रऱ्या म्हणजे त्याच्या डिपेंडन्सी. यात गैर काहीच नाही. प्रत्येकाने प्रत्येक गोष्ट नव्याने लिहायची ठरवली तर एका सोसायटीचा प्रोग्रामही पुरा व्हायचा नाही. पण या तुकड्यांची निवड आणि निगराणी हे वेगळे काम आहे, त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि ग्राहकाला ते दिसत नसल्यामुळे तेच आधी टाळले जाते. जावा भाषेतल्या प्रोग्रामांचे उदाहरण घेऊ, कारण बँकिंगची अनेक मोठी सॉफ्टवेअर जगभर आणि आपल्याकडेही याच भाषेवर उभी आहेत. त्यातही लॉगिंगची लायब्ररी घेऊ. सगळ्यांत नीरस, सगळ्यांत दुर्लक्षित तुकडा तोच.

लॉगिंग म्हणजे प्रोग्रामने चालता चालता आपल्या कामाची ठेवलेली नोंद. कोणी कधी लॉगिन केले, कोणत्या खात्यातून किती रक्कम वळती झाली, कुठे चूक आली, हे एका फाइलमध्ये ओळीमागून ओळ लिहिले जाते. सभासद म्हणतो हप्ता दोनदा कापला, सचिव म्हणतो एकदाच. अशा वेळी निवाडा करायला हीच फाइल असते. आता कायद्यानेही ती ठेवावी लागते. सायबर सुरक्षेसाठीच्या सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर हल्ल्याची खबर ती कळल्यापासून सहा तासांच्या आत द्यावी लागते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, त्यांत ही मुदत एक वर्षाची आहे.

१९९५ मध्ये जावा आली तेव्हा तिच्यात अशा नोंदींची वेगळी सोय नव्हती. चेकी गुल्चू या प्रोग्रामरच्या पुढाकाराने लॉगफोरजे ही लायब्ररी तयार झाली आणि पुढे ती अपाची या संस्थेच्या छत्राखाली गेली. २००२ मध्ये जावाने स्वतःची लॉगिंग व्यवस्था दिली, पण तोवर लोकांचा हात लॉगफोरजेवर बसला होता. मग दोन्ही चालाव्यात म्हणून कॉमन्स लॉगिंग हा मधला थर आला. त्याच्या अडचणींना कंटाळून गुल्चू यांनीच एसएलएफफोरजे हा दुसरा मधला थर आणि लॉगबॅक ही नवी लायब्ररी लिहिली. अपाचीने लॉगफोरजेची दुसरी पिढी २०१४ मध्ये आणली. एका साध्या कामासाठी अशी निदान अर्धा डझन नावे झाली, आणि प्रत्येकामागे आपला पक्ष धरून भांडणारी मंडळी आहेत. जावावाल्यांच्या जगात हा वाद कधी मिटत नाही.

हा वाद सामान्य वाचकाच्या दारात कसा येतो, ते डिसेंबर २०२१ मध्ये दिसले. लॉगफोरजेच्या दुसऱ्या पिढीत २०१३ मध्ये एक सोय घातली गेली होती. नोंद लिहिताना मजकुरात विशिष्ट खुणांमध्ये एखादा पत्ता आढळला, तर लायब्ररी त्या पत्त्यावर जाऊन तिथली माहिती आणून नोंदीत भरायची. कोणाला तरी ती हवी होती, म्हणून आली; पुढे ती सांभाळणाऱ्यांनाही नकोशी झाली, पण जुन्या वापरकर्त्यांचे काही बिघडू नये म्हणून तशीच राहिली. अलिबाबाच्या क्लाउड सुरक्षा विभागातल्या चेन चाओच्युन यांनी २४ नोव्हेंबर २०२१ रोजी अपाचीला कळवले की ही सोय म्हणजे उघडे दार आहे. हल्लेखोराने लॉगिनच्या चौकटीत नावाऐवजी तसा पत्ता टाकायचा. प्रोग्राम इमानेइतबारे ‘या नावाच्या माणसाने प्रयत्न केला’ अशी नोंद करायला जाणार, आणि नोंद करता करता हल्लेखोराच्या संगणकावरून कोड आणून स्वतःच चालवणार. पासवर्ड फोडायला नको, कर्मचाऱ्याला फसवायला नको. माइनक्राफ्ट या खेळात तर गप्पांच्या खिडकीत एक ओळ लिहिली की सर्व्हर ताब्यात येत होता. ९ डिसेंबरला हे जगजाहीर झाले, धोक्याच्या मापनात त्याला दहापैकी दहा गुण मिळाले. दुरुस्तीची पहिली आवृत्ती अपुरी ठरली, मग दुसरी, मग तिसरी, आणि २८ डिसेंबरपर्यंत चौथी आली.

माझ्या मते या घटनेतला खरा धडा भोक पडण्यात नाही. सॉफ्टवेअरमध्ये भोके पडतातच. धडा पुढच्या पंधरवड्यात आहे: जगभरच्या बँका, सरकारी खाती आणि कारखाने तेव्हा दुरुस्तीच्या आधी एका वेगळ्याच कामात अडकले होते, आणि ते काम म्हणजे आपल्याकडे लॉगफोरजे आहे की नाही हे शोधणे. स्वतः हौसेने ती निवडलेल्यांना उत्तर सोपे होते. पण बहुतेकांनी ती निवडलेलीच नव्हती. त्यांनी घेतलेल्या लायब्ररीने दुसरी घेतली होती, दुसरीने तिसरी, आणि तिसरीच्या पोटात लॉगफोरजे होती. जावाच्या लायब्रऱ्यांचे सर्वांत मोठे भांडार म्हणजे मेव्हन सेंट्रल. गूगलने त्या वेळी त्याची तपासणी केली, तेव्हा मूळ सदोष भागावर अवलंबून असलेली सुमारे १७ हजार पॅकेजेस सापडली, म्हणजे भांडाराच्या चार टक्के. आणि बाधितांपैकी ८० टक्क्यांहून अधिक ठिकाणी दोष एका पायरीपेक्षा खोल होता, काही ठिकाणी नऊ पायऱ्या. अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा पुनरावलोकन मंडळाने जुलै २०२२ च्या अहवालात म्हटले की सदोष प्रती एक दशक किंवा त्याहून अधिक काळ कुठे कुठे राहतील.

पायऱ्यांचा हा गुंता लायब्रऱ्या जोडून प्रोग्राम बांधण्याचे साधन हाताळणाऱ्यालाही चकवतो. समजा, एका प्रोग्राममधल्या दोन लायब्रऱ्यांना एकाच तिसऱ्या लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या हव्या आहेत. कोणती घ्यायची? मेव्हन हे साधन जिच्यापर्यंतची वाट सर्वांत जवळची ती आवृत्ती घेते, मग ती जुनी का असेना. वाटा सारख्याच लांबीच्या असल्या तर आधी लिहिलेली. ग्रेडल हे दुसरे साधन एरवी सर्वांत नवी घेते. म्हणजे एकच प्रोग्राम दोन साधनांनी बांधला तर आत दोन वेगळ्या गोष्टी जाऊ शकतात, आणि बांधणाऱ्याने मुद्दाम पाहिले नाही तर त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. नवी आवृत्ती घातली, असे कंपनीने प्रामाणिकपणे सांगावे आणि चालत मात्र जुनीच असावी, हे अगदी शक्य आहे. त्यासाठी कोणी लबाड असायची गरज नाही.

लॉगफोरजेची गोष्ट दूरची वाटत असेल, तर ३१ जुलै २०२४ आठवावा. त्या दिवशी राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीला आपल्या जाळ्यापासून तोडले. टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँक यांची ही संयुक्त कंपनी प्रामुख्याने सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवते. तिच्यावर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाल्याचा संशय होता. देशातल्या जवळपास ३०० छोट्या बँकांचे ग्राहक त्यामुळे यूपीआय आणि एटीएमच्या व्यवहारांना मुकले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. क्लाउडसेक या सुरक्षा संस्थेच्या विश्लेषणानुसार हल्ल्याची सुरुवात सी-एजच्या एका सहयोगी कंपनीच्या जेनकिन्स सर्व्हरपासून झाली. जेनकिन्स हे प्रोग्राम बांधून सर्व्हरवर चढवण्याचे साधन जावातच लिहिलेले आहे, आणि त्यातले वापरले गेलेले भोक जेनकिन्सच्या स्वतःच्या कोडमधले म्हणता येणार नाही. आज्ञा वाचून घेण्यासाठी त्यात आर्ग्सफोरजे नावाची एक छोटी लायब्ररी आहे. तिच्यात अशी सोय की ‘@’ या खुणेपुढे एखाद्या फाइलचे नाव दिले तर ती फाइलमधला मजकूर उचलून तिथे ठेवते. परक्या माणसानेही तसे नाव दिले की सर्व्हरवरच्या फाइली वाचता येत होत्या. (गंमत अशी की जेनकिन्स आणि आर्ग्सफोरजे या दोहोंचे मूळ लेखक एकच, कोसुके कावागुची. आपणच लिहिलेल्या लायब्ररीतली सोयही कधी आपल्याला महागात पडते, हे त्यावरून समजावे.) जेनकिन्सने याची दुरुस्ती २४ जानेवारी २०२४ रोजीच दिली होती. हल्ला झाला सहा महिन्यांनी.

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की साम्य उठून दिसते. नोंद लिहिणाऱ्या लायब्ररीला इंटरनेटवर जायचे काही कारण नव्हते. आज्ञा वाचणाऱ्या लायब्ररीने आपणहून फाइली उघडायच्या, अशी जेनकिन्स वापरणाऱ्यांची मागणी नव्हती. पण सोय होती, आपोआप चालू होती, आणि ती आत आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक नव्हते. त्यामुळे कोणती लायब्ररी उत्तम, हा वाद मला दुय्यम वाटतो. लायब्ररी काय काय करते हे तिच्या जाहिरातीत असतेच. निवडताना विचारायचे ते दुसरेच प्रश्न आहेत: ती काय करायचे नाकारते, तिची देखभाल सध्या कोण करते, आणि उद्या ती काढून दुसरी बसवायची झाली तर किती कोड उकरावा लागेल?

याच कसाला लावून माझे मत सांगतो. सोसायटी, पतसंस्था, कारखाना यांच्या आकाराच्या प्रोग्रामने आपला सगळा कोड एसएलएफफोरजे या मधल्या थराशी बोलेल असा लिहावा, म्हणजे खालची लायब्ररी बदलताना वरच्या कोडला हात लागत नाही. प्रोग्रामसाठी जी तयार चौकट (फ्रेमवर्क) वापरली असेल तिने मुळात दिलेली लायब्ररी खाली ठेवावी. जावात सर्वाधिक चालणाऱ्या स्प्रिंग बूट या चौकटीत ती लॉगबॅक आहे, आणि मूळची निवड न बदललेले स्प्रिंग बूटवाले २०२१ च्या संकटातून सुटले होते. लॉगफोरजेची आजची दुरुस्त आवृत्ती वाईट आहे असे मुळीच नाही. प्रचंड वेगाने नोंदी लिहायच्या असतील तर ती घेण्याला आधार आहे. मात्र न्हावरे किंवा पाटसच्या साखर कारखान्याच्या काट्यावर गळीत हंगामात कितीही गाड्या लागल्या, तरी त्या नोंदी लिहायला तेवढ्या वेगाची गरज नाही. लागणार नाहीत ते जोडतुकडे घेऊ नयेत. आणि दुसऱ्यांना वापरायची लायब्ररी लिहिणाऱ्याने लॉगिंगची निवड स्वतः करूच नये, ती प्रोग्राम बांधणाऱ्यावर सोडावी.

लायब्ररी चांगली निवडली तरी तिच्या हाती काय द्यायचे, हे राहतेच. ट्विटरने मे २०१८ मध्ये आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितले, कारण अंतर्गत लॉगमध्ये ते उघडे लिहिले जात होते. पुढच्या वर्षी फेसबुकलाही तशीच कबुली द्यावी लागली. आधार क्रमांक, खाते क्रमांक, ओटीपी लॉगमध्ये जसेच्या तसे जात असतील, तर एक वर्ष जपलेली फाइल हाच चोरासाठी मोठा ऐवज होतो. कोणतीही लायब्ररी हे आपणहून थांबवत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आम्ही एवढेसे, आमच्यावर कोण हल्ला करणार? सी-एज प्रकरणात त्या ३०० बँकांवर कोणी नेम धरला नव्हता. देशातल्या पेमेंट व्यवहारांत त्यांचा एकत्रित वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता. त्यांचे दुखणे वरून आले, ज्या कंपनीचे नाव त्यांच्या खातेदारांनी ऐकलेलेही नसेल तिच्याकडून, आणि विश्लेषण खरे मानले तर तिच्याही सहयोगी कंपनीकडून. लॉगफोरजेचे भोक शोधणारे प्रोग्राम तर इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता खटखटवत फिरत होते. दार छोट्या संस्थेचे की मोठ्या, हे त्यांना कळतही नाही. आणि सहकारी बँक म्हणून चोर मागे फिरतो असेही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली होती. त्या चोरीचा मार्ग वेगळा होता, पण सहकारी बँकांकडे कोणाचे लक्ष नाही या समजुतीला तेव्हाच तडा जायला हवा होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो संगणकातल्या जाणत्यांकडूनच येतो: चालते आहे त्याला हात लावू नये. याच्या बाजूने एक पुरावाही आहे. डिसेंबर २०२१ च्या हल्ल्यात लॉगफोरजेची जुनी, पहिली पिढी त्या प्रकारे सापडली नाही, कारण घातक सोय तिच्यात नव्हतीच. जे आळसाने जुन्यावर राहिले ते वाचले, असे तेव्हा अनेकांनी म्हणून घेतले. नव्याच्या हव्यासाची उलटी बाजूही मार्च २०२४ मध्ये दिसली. एक्सझेड या लिनक्समधल्या छोट्या लायब्ररीत, दोनेक वर्षे विश्वास कमावून बसलेल्या एका टोपणनावाच्या सहकाऱ्याने चोरदरवाजा पेरला होता, आणि तो फक्त नव्या आवृत्त्यांत होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो या कुतूहलापोटी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो पकडला. हे दोन्ही दाखले मला मान्य आहेत. पण त्यांतून हात न लावण्याचा नियम निघत नाही. लॉगफोरजेच्या पहिल्या पिढीची देखभाल अपाचीने ऑगस्ट २०१५ मध्येच थांबवली. तिच्यात पुढे सापडलेल्या गंभीर दोषांना अपाचीकडून दुरुस्ती आली नाही, आणि अखेर गुल्चू यांनाच जानेवारी २०२२ मध्ये रीलोडफोरजे नावाने तिची दुरुस्त प्रत काढावी लागली. निघतो तो नियम असा की आवृत्ती पक्की नोंदवून ठेवावी, नवी आल्या दिवशी झडप घालू नये, चाचणी करून मग चढवावी, आणि सुरक्षेची दुरुस्ती असेल तर मात्र थांबू नये. हे सगळे करायला मुळात आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे ते माहीत असावे लागते.

ते माहीत नसले की काय होते, याचा दाखला इक्विफॅक्स ही अमेरिकी पतमापन कंपनी आहे. तीही जावाचीच कथा. अपाची स्ट्रट्स या लायब्ररीतल्या भोकाची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली. कंपनीत ४८ तासांत ती बसवा असा निरोपही फिरला. पण स्ट्रट्स नेमके कुठे कुठे चालते याची पुरी यादी कंपनीकडे नव्हती, तपासणीत सदोष प्रणाली सापडली नाही, आणि मे ते जुलै या काळात सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. एवढी मोठी, श्रीमंत कंपनी यादीअभावी फसली. सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी हवी, असे म्हणताना माझ्यासमोर सर्वांत ठळक पुरावा हाच असतो.

काही जण याचा राग फुकट मिळणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरवर काढतात. फुकटचे घेता म्हणून भोगता. सगळे स्वतः लिहा किंवा बड्या कंपनीचे बंदिस्त घ्या, असा त्यांचा सल्ला असतो. लॉगफोरजेची निगा तेव्हा मूठभर लोक आपली नोकरी सांभाळून, बिनपगारी करत होते, हे खरेच आहे. तिच्या जिवावर अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्यांना याची लाज वाटायला हवी. पण तिचा कोड उघडा होता म्हणूनच परक्या कंपनीच्या माणसाला दोष सापडला आणि तो जगजाहीर झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आत चार दुरुस्त्या आल्या. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या पोटातही याच लायब्रऱ्या असतात, फक्त झाकलेल्या. आणि घरी लिहिलेल्या लॉगिंग कोडचे दोष लिहिणारा नोकरी सोडून गेल्यावर कोण शोधणार?

उरतो खर्चाचा मुद्दा. छोट्या पुरवठादाराला हे झेपेल का? यादी बनवायला खर्च जवळपास शून्य आहे. मेव्हनला एक आज्ञा दिली की डिपेंडन्सींचे सगळे झाड छापून मिळते. सायक्लोनडीएक्स नावाचा फुकट जोडतुकडा तेच ठरावीक नमुन्यात लिहून देतो. ओवॅस्प या संस्थेचे फुकट साधन ती यादी ज्ञात दोषांशी ताडून दाखवते. खर्च असतो तो यादी वाचून कृती करणाऱ्या माणसाचा. तो खराच आहे आणि वार्षिक देखभाल करारात त्याचे पैसे द्यावे लागतील, हे संस्थांनीही मान्य केले पाहिजे. आज अनेक ठिकाणी देखभालीच्या नावाखाली प्रिंटर दुरुस्त होतो आणि नवा रिपोर्ट बनतो. युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स कायद्यानुसार डिसेंबर २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या उत्पादकाला अशी यादी तयार ठेवावीच लागणार आहे. म्हणजे हिंजवडीत बसून जर्मन बाजारासाठी काम करणाऱ्या कंपन्या ती बनवतील. त्याच जिल्ह्यातल्या दौंडच्या संस्थेसाठी ती का बनू नये, याला तांत्रिक कारण कोणी देऊ शकणार नाही. मागणारा नाही, एवढेच कारण आहे.

मागण्याला आधारही आता आहे. सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकयादीबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि जुलै २०२५ मध्ये त्यांची विस्तारित दुसरी आवृत्ती आणली. सरकारी खाती, सार्वजनिक संस्था आणि अत्यावश्यक सेवा यांनी खरेदीतच अशी यादी मागावी, हा त्यांचा रोख आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. हे काम नाबार्डमार्फत एकाच सामाईक सॉफ्टवेअरवर होत आहे. एक सॉफ्टवेअर असल्याने एक दुरुस्ती सगळीकडे पोचू शकते, हा मोठा फायदा. त्याच कारणाने एक भोकही सगळीकडे पोचते. अशा सॉफ्टवेअरची घटकयादी सहकार खात्याच्या लेखापरीक्षकाला पाहता आली पाहिजे. ताळेबंदातली नोंद तपासताना ती लिहिणारे यंत्र कशाचे बनले आहे, हे आता लेखापरीक्षणाच्याच कक्षेत येते.

यादीने हल्ले थांबणार नाहीत. दोष जाहीर होण्याआधीच कोणी तो वापरला तर यादीचा उपयोग शून्य, आणि चुकीची किंवा वर्षापूर्वीची यादी तर खोटा दिलासा देते. तिच्याने एवढेच होते की पुन्हा २०२१ सारखा डिसेंबर आला, तर ‘आमच्याकडे हे आहे का’ या प्रश्नाला पंधरा दिवसांऐवजी एका दुपारी उत्तर मिळते, आणि सहा तासांत खबर देण्याचा नियम पाळणे निदान शक्य होते. त्यासाठी करारात भारी भाषा लागत नाही. पुरवठादाराने प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत आतल्या सर्व लायब्रऱ्यांची, थेट आणि आडून आलेल्या दोन्हींची, आवृत्तीसह यादी द्यावी; देखभाल थांबलेली लायब्ररी असेल तर ती कधी बदलणार ते लिहावे; गंभीर दोष जाहीर झाल्यावर किती दिवसांत दुरुस्ती बसेल आणि ती कोण बसवेल त्याचे नाव द्यावे; लॉगमध्ये कोणती वैयक्तिक माहिती जाते ते सांगावे. चार कलमे, अर्धे पान. तालुक्यातल्या पाच-दहा संस्थांनी मिळून ती एकाच मसुद्यात घातली तर पुरवठादाराला नाही म्हणणे जड जाईल, आणि यादी वाचून दाखवणारा एक जाणकार त्यांना सामाईक खर्चात ठेवता येईल. देखभालीचे करार बहुतेक ठिकाणी आर्थिक वर्षाबरोबर नवे होतात. या मार्चमध्ये नूतनीकरणाचा कागद पुढ्यात येईल तेव्हा ही यादी जोडलेली नसेल, तर अध्यक्ष आणि सचिवांनी त्यावर सही करू नये.